पाणी लागलं

वायरलेस रूममधून आलेल्या कागदावर जेमतेम चार ओळी होत्या. जयवंत घाडीने त्या खिडकीशी उभ्याउभ्याच वाचल्या. समुद्रातल्या के-चार या तेलाच्या विहिरीत अठराशे मीटरांखाली चुनखडक लागला होता, अपेक्षेइतकाच जाड, भरपूर छिद्रांचा. त्याच्यावरचं चिकणमातीच्या खडकाचं झाकण शाबूत होतं. चाचणी घेतली आणि वर आलं ते खारं पाणी. इथवर वाचताना त्याला विशेष काही झालं नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत त्याने कोरड्या विहिरी पुष्कळ पाहिल्या होत्या. चारांतली एक लागली तरी लोक पेढे वाटतात, हे त्याला ठाऊक होतं. पण शेवटच्या ओळीत खोदकामाच्या रिगवरच्या माणसाने लिहिलं होतं, की खडकाचे तुकडे अगदी स्वच्छ आहेत. वास नाही, डाग नाही, जांभळ्या दिव्याखाली धरले तर कुठे पिवळी चमकसुद्धा नाही. त्या 'स्वच्छ' शब्दावर त्याची नजर अडखळली. हा शब्द त्याने आधी वाचला होता. दोन महिन्यांपूर्वी, याच टेबलावर, विभागातल्या क्षमा आगाशेने लिहिलेल्या पानावर. 'इथे विहीर घेतलीच तर खडक चांगला मिळेल, पण स्वच्छ मिळेल. तेल येऊन गेल्याची खूणसुद्धा सापडणार नाही.' आणि हे पान वर हेड ऑफिसात कुणीच वाचलेलं नव्हतं, कारण जयवंतने ते बदललं होतं.

बाहेर अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीवर फेब्रुवारीचं अकराचं ऊन पडलं होतं. समोरच्या औषधाच्या कारखान्याचा कडवट वास रोजच्यासारखाच खिडकीतून येत होता. मागे हॉलमध्ये नऊ माणसं लांबलचक कागदांवर वाकून रंगीत पेन्सिलींनी रेघा ओढत होती. समुद्राच्या तळाखाली आवाज सोडायचा, खडकांवर आपटून परत येणारे त्याचे पडसाद कागदावर उतरवायचे, त्या काळ्यापांढऱ्या लाटांतून खालच्या थरांचा आकार ओळखायचा आणि विहीर कुठे खणायची ते सांगायचं, हे या विभागाचं काम. आणि जयवंत या विभागाचा प्रमुख. के-चारचा उठाव, म्हणजे थरांचा तिथला उंचवटा, त्यानेच शोधलेला. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत, सगळे सुट्टीवर असताना, त्याने एकट्याने बसून तो नकाशा काढला होता. एकात एक बसलेली सात वर्तुळं, अंगठ्याच्या ठशासारखी. चौदा किलोमीटरवर के-एक होती, तिच्यातून चार वर्षं तेल निघत होतं. तोच समुद्र, तोच गाळ, तोच चुनखडक, वर तेच झाकण. मग इथे का नसावं? हा प्रश्न त्याने तेव्हा प्रश्न म्हणून विचारलाच नव्हता. असणारच, असं तो त्यातून ऐकत गेला होता.

प्रश्न विचारला तो क्षमाने. ही पार्ल्याची मुलगी, तिशीही न ओलांडलेली, चार वर्षांपूर्वी विभागात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, लग्न करून वर्षभरात जाईल. लग्न तिने केलं, पण ती गेली नाही. बोलायची थोडं, आणि बोलली की खालच्या आवाजात, समोरच्याची सोय न बघता. डिसेंबरात एका दुपारी ती त्याच्या टेबलाशी डबा घेऊन आली. डब्यातली छोटी वाटी तिने झाकणावर उपडी ठेवली आणि म्हणाली, "सर, हा तुमचा के-चार. समजा, याच्यावर मी पातळ पिठलं ओतलं. वाटीच्या डोक्यावर ते कसं बसेल?" "पातळ," तो म्हणाला. "आणि बाजूला जाड," ती म्हणाली. "म्हणजे खाली उंचवटा आधीपासून असेल, तर वर साठलेला थर तिथे पातळ व्हायला हवा. मी सगळे थर मोजले. खालचे पाचही थर उठावावर जेवढे जाड आहेत तेवढेच बाजूला आहेत. पातळ होतो तो फक्त वरचा, अगदी अलीकडचा थर. म्हणजे हे थर साठत होते तेव्हा तिथे वाटी नव्हतीच. ती नंतर वर आली." मग तिने कागदावर एक खोलगट भाग काढला. त्या खोलात, काळ्या गाळाच्या खडकात, तेल शिजून तयार झालेलं. पाण्याहून हलकं, म्हणून छिद्रांतून चढणीने वर वर सरकत निघालेलं. वाटेत जिथे उंचवटा आणि वर झाकण मिळेल तिथे थांबायचं, नाही मिळालं तर पुढे जायचं. "के-एक तेव्हा होती, म्हणून तिथे थांबलं. के-चारच्या जागेवरून ते सपाट रस्त्यावरून जावं तसं निघून गेलं. सर, आपण सगळे 'कुठे'चे नकाशे काढतो. 'कधी'चा नकाशा कुणी काढतच नाही." तिने वाटी परत डब्यात टाकली. तिला काही जिंकायचं नव्हतं. ती फक्त मोजून आली होती. आणि जयवंतला आठवतं, त्या क्षणी त्याला तिचं म्हणणं पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच राग आला होता.

त्यानंतर जे घडलं ते इतकं किरकोळ होतं, की त्याला नाव काय द्यावं हेच त्याला कधी सुचलं नाही. विहिरीचा प्रस्ताव तयार होत होता. त्यातला तेलाच्या प्रवासाचा भाग क्षमाचा, चार पानांचा. चौथ्या पानाखाली सही करून ती दहा दिवसांच्या रजेवर गेली, वडिलांचं ऑपरेशन होतं. फाटकसाहेबांनी प्रस्ताव चाळला. नंदकुमार फाटक, त्याचे वरिष्ठ, हसतमुख, पाठीवर हात ठेवून बोलणारे. म्हणाले, "घाडी, एक तारखेला रिग मोकळी होतेय. या सहाव्या परिच्छेदानं हेड ऑफिसवाले घाबरतील रे. जरा बघ." एवढंच. जरा बघ. जयवंतने बघितलं. तिसऱ्या पानावरचा सहावा परिच्छेद त्याने पेन्सिलीने लिहून काढला: उठाव आणि तेलाचा प्रवास साधारण एकाच काळातले, सबब धोका कमी. टायपिस्ट सुगंधाने पान परत टाइप केलं. तिसरं पान गेलं, तिसरं पान आलं. चौथं, सहीचं, जागच्या जागी राहिलं. मूळ पान फाडायला त्याचा हात झाला नाही. ते त्याने ब्रीफकेसच्या कप्प्यात सरकवलं आणि घरी नेऊन कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवलं. क्षमा परतली तेव्हा प्रस्ताव वर गेला होता. तिने विचारलंही नाही. स्वतःच्या सहीवर माणसाचा विश्वास असतो.

फाटकांनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "वाट लागली," ते म्हणाले, पण चेहऱ्यावर वाट लागल्याचं काही दिसत नव्हतं. "गुरुवारी चौकशी समिती येतेय. तिघंजण. तू टेन्शन घेऊ नकोस यार. मी प्रस्ताव नीट वाचला. नकाशा बरोबर, खोली बरोबर, खडक बरोबर, झाकण बरोबर. म्हणजे तुझी सगळी कामं चोख. चुकला तो एकच भाग, तेलाचा प्रवास. आणि तो आगाशेबाईंचा."

"तो भाग..." जयवंत म्हणाला आणि थांबला.

"सही तिची आहे ना?"

"सही तिची आहे."

"मग झालं. तरुण आहे, चुकली. फार तर आसामच्या फील्डवर टाकतील दोनतीन वर्षं. शिकेल." फाटकांनी बिस्किट चहात बुडवलं आणि नेमक्या वेळी बाहेर काढलं. जयवंतला वाटलं, आता बोलावं. साहेब, तुम्ही मला जरा बघ म्हणालात. पण फाटकांच्या डोळ्यांत बघताना त्याला कळेना, की यांना ठाऊक आहे की नाही. ठाऊक असूनही नसल्यासारखं राहायची त्यांची ही जागा किती आरामाची असेल! आणि आपणही तिच्यात दुसरी खुर्ची ओढून बसलो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा कपातला चहा संपला होता.

संध्याकाळी घाटकोपरच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. मरोळनंतर बस रेंगाळू लागली आणि साकीनाक्याला तर थांबलीच. रस्त्यालगतच्या गाळ्यांत लेथ फिरत होते, पोलादाची वेटोळी सालं दारांत पडली होती, जळक्या तेलाचा वास होता. माणसं घाईत इकडून तिकडे जात होती. आसाम. वडिलांचं ऑपरेशन झालेलं, नवरा इथे बँकेत. त्याने मनातल्या मनात क्षमाला आसामात नेऊन बसवलं, पत्र्याच्या ऑफिसात, डबा उघडताना. मग घाईने परत आणलं. नाही, असं होणार नाही. समिती विचारेल, ती सांगेल, माझं मत हे नव्हतं. मग समिती पान दाखवेल. मग? तिच्याकडे प्रत नाही. हे त्याला ठाऊक होतं, कारण तिला त्याने प्रत दिली नव्हती. हाही एक किरकोळ भाग.

आणि मग, का कोण जाणे, त्याला बाबा दिसले. गावच्या घरामागच्या परड्यात, उघड्या अंगाने, कमरेइतक्या खड्ड्यात. बाबा मुंबईत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. वर्षाची रजा मे महिन्यात घ्यायचे आणि सबंध रजा विहीर खणायचे. तीन मे महिने. पलीकडच्या लवूकाकांच्या परड्यात, चाळीस पावलांवर, पंधरा हातांवर पाणी लागलं होतं, गोड, बारमाही. पाणी लागलं तेव्हा लवूकाकांनी नारळ फोडला, गूळ वाटला. बाबांनी गूळ खाल्ला आणि परत येऊन पहार उचलली. तिसऱ्या मेमध्ये काळा पत्थर लागला. बाबा वर आले, हातपाय धुतले, म्हणाले, "ह्या साल पुरे." पुढल्या मेमध्ये त्यांनी त्या खड्ड्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, की तिथे खडक पलीकडे उतरता आहे आणि पाणी उताराने लवूकाकांकडे जातं. हे जयवंतला कॉलेजात पहिल्या वर्षीच कळलं होतं. सुट्टीत जाऊन त्याने मोठ्या उत्साहाने बाबांना समजावलं, काठीने जमिनीवर आकृती काढून. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या आधी कळला असता तर मी खणलंय नसतंय?" त्याने 'हो' म्हटलं. बाबा म्हणाले, "माका वाटता, तरी खणलंय असतंय." बस सुटली. त्या वाक्यातला हट्ट त्याला तेव्हा अडाणी वाटला होता. आता बसच्या खिडकीत त्याला वाटलं, की आपण बाबांपेक्षा वाईट आहोत. बाबांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रजेत, स्वतःच्या नावाने खणलं होतं.

भटवाडीत घरी पोचला तेव्हा त्याची आई मालन दारातच कोथिंबीर निवडत बसली होती. तिला त्याच्या तोंडावरून सगळं कळायचं, म्हणजे काहीतरी आहे एवढं कळायचं. "काय झाला रे?"

"काही नाही. समुद्रातल्या विहिरीला पाणी लागलं."

"पानी लागला?" तिचा चेहरा उजळला. "मगे बरा झाला! नारळ फोडलास काय नाय?"

"आई, आम्हाला पाणी नको असतं."

"एवढ्या दर्यात जावन खणतास आनि पानी नको म्हणतास?" ती हसली. मग त्याच्याकडे बघून हसायची थांबली. "जयवंता, कोणाक काय लागला काय? कोण मेला काय त्या विहिरीत?"

"नाही गं."

"मगे तोंड कित्याक तसला?"

जेवणानंतर त्याने उत्तराला सांगितलं. उत्तरा, त्याची बायको, शाळेत गणित शिकवायची, आणि ऐकताना वहीत तपासल्यासारखं ऐकायची. त्याने रिगपासून सुरुवात केली, हेड ऑफिसवर आला, फाटकांवर आला. तिने मध्येच विचारलं, "म्हणजे तू तिचं पान बदललंस?"

"पान नाही, एक परिच्छेद..."

"तिला न सांगता."

"ती रजेवर होती."

"जयवंत, ती रजेवर होती म्हणून बदललंस, की ती रजेवर असताना बदललंस?" तो उठून खिडकीशी गेला. "मग सांगून टाक ना."

"सांगितलं तर..."

"तर काय? नोकरी जाईल?"

"नोकरी बहुतेक जाणार नाही. विभाग जाईल."

"मग?"

विभाग गेला तरी चाललं असतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं. भीती वेगळीच होती. कॉलेजपासून त्याच्याबद्दल लोक एकच गोष्ट म्हणत आले होते: घाडी सरळ माणूस. गिरणी कामगाराचा मुलगा, कुणाची ओळख नाही, शिफारस नाही, पण सरळ. त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. हुशारी फाटकांपाशी जास्त होती, दृष्टी क्षमापाशी. हा एवढा एक शब्द त्याने जपून जपून आणला होता, आणि आता तोच उघडा पडणार होता, आत काही नसलेला. कपाटाशी जाऊन त्याने विम्याचे कागद उचलले. पान तिथेच होतं. सहावा परिच्छेद त्याने परत वाचला. आणि त्याला कळलं, की तो प्रत्येक शब्द त्याला पाठ आहे.

मंगळवारी क्षमा आली. खुर्चीवर बसली नाही. "सर, विहीर स्वच्छ निघाली ना?"

"हो."

"मी लिहिलं होतं." तिच्या आवाजात आनंद नव्हता. वाईट वाटल्यासारखं होतं, एवढी माणसं, एवढं खणणं. "मला एकच विचारायचं होतं. माझं कुणाला पटलं नाही, ठीक आहे. पण हेड ऑफिसात त्यावर बोलणं झालं होतं का? कुणी काय आक्षेप घेतला? म्हणजे मला पुढे बघता येईल."

"वर गेलं होतं," तो म्हणाला. "चर्चा काय झाली ते मला नक्की माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. एवढ्या सहज. तिच्या जागी जाऊन तिने पेन्सिलीला टोक काढलं. तो बुधवारी दिवसभर तिच्या पाठीकडे बघत राहिला. दोनदा उठला. एकदा पाणी पिऊन आला, एकदा सुगंधाच्या टेबलाशी उगाच थांबला. सुगंधाने टाइपरायटरवरून मान न उचलता विचारलं, "साहेब, गुरुवारसाठी काही परत टाइप करायचंय का?" त्यात टोमणा होता की नव्हता, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याचे कान तापले.

गुरुवारी समिती दहाला बसली. लांब टेबल, हिरवं कापड, भिंतीवर नकाशा, त्यात जयवंतची सात वर्तुळं. अध्यक्ष निवृत्तीला आलेले, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. प्रश्न फार हळू विचारायचे आणि उत्तर संपल्यावरही थोडं थांबायचे, जणू अजून काही यायचं आहे. फाटक छान बोलले. नकाशा, खोली, खडक, झाकण, एकेक बोट मिटत गेले. शेवटचं बोट उघडं ठेवून म्हणाले, "दुर्दैवाने हा भाग. संबंधित अधिकारी बाहेर आहेत." क्षमाला आत बोलावलं. ती निळ्या साडीत होती, हातात वही. अध्यक्षांनी तिच्याकडे प्रस्ताव सरकवला, तिसरं पान उघडून. "हा सहावा परिच्छेद. हे तुमचं मत होतं?"

तिने वाचलं. जयवंत तिच्यासमोर बसला होता, दीड हातावर. वाचून झाल्यावर ती परत पहिल्या ओळीवर गेली. मग तिने पान उलटून चौथ्या पानावरची सही बघितली, बोट ठेवून, अनोळखी माणसाची सही बघावी तशी. पंखा फिरत होता. तिचं मानेवरचं कातडं हळूहळू लाल होत गेलं, कानापर्यंत. आत्ता ती माझ्याकडे बघेल, असं त्याला वाटलं. तिने बघितलं नाही. "सही माझी आहे," ती म्हणाली. "वाक्य माझं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी हे लिहिलेलं नाही. माझ्या मोजणीतून हे निघतच नाही. याच्या उलट निघतं."

"मग हे कुणाचं?"

"मला माहीत नाही."

फाटक सुस्कारा टाकून म्हणाले, "मॅडम, सही करताना आपण वाचतो ना?" आणि तेवढ्यात जयवंतने स्वतःचा आवाज ऐकला. तो उंच नव्हता. दुसऱ्याच कुणाचं काही सांगितल्यासारखा सपाट होता.

"माझं आहे ते."

अध्यक्ष त्याच्याकडे वळले. फाटक म्हणाले, "घाडी, तू..." आणि थांबले. जयवंतने खिशातून मूळ पान काढून हिरव्या कापडावर ठेवलं. घडी पडून ते चार ठिकाणी मळलं होतं. "तिसरं पान मी बदललं. मिसेस आगाशे रजेवर होत्या. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, की खडक स्वच्छ निघेल."

"बदलायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

फाटक टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत होते. जरा बघ. दोन शब्द. ते जसेच्या तसे सांगता आले असते, आणि ते खरेही होते. पण ते सांगितल्यावर आपला दोष हलका होईल, आणि तो हलका करण्यासाठीच आपण ते सांगत असू, हे त्याला स्पष्ट दिसलं. "फाटकसाहेबांनी परिच्छेद बघायला सांगितला होता," तो म्हणाला. "बदलायला नाही. बदलला मी. तो उठाव मी शोधला होता. मला तो हवा होता."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग असं काही विचारलं ज्याची त्याला अपेक्षा नव्हती. "यांचं म्हणणं तुम्हाला समजलं होतं? तेव्हा?" हो, तो म्हणाला. "सांगा." आणि जयवंत उठून नकाशापाशी गेला आणि सांगू लागला: थर, जाडी, काळा गाळ, तो शिजल्याचा काळ, चढण. क्षमाच्या शब्दांत, क्षमाच्या क्रमाने. तेल सगळ्या खोऱ्यात सारखं का नाही, कारण ते जागच्या जागी बनून राहत नाही. ते निघतं, वाट धरतं, आणि वाटेत त्या वेळी जे असेल तिथेच थांबतं. नंतर कितीही चांगली जागा तयार होवो. दहा मिनिटं तो बोलला, एकदाही न अडखळता. इतकं चांगलं तो त्या नकाशावर पूर्वी कधी बोलला नव्हता. बोलून वळला तेव्हा क्षमा त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत आभार नव्हते, राग म्हणावा तसा रागही नव्हता. एवढं नीट समजलं होतं तुम्हाला, एवढंच त्या नजरेत होतं. आणि ती त्याला सहन झाली नाही.

पुढचं सगळं कागदावर झालं. त्याच्या नावे ताशेरे, विभाग काढून घेतला, बदली चारकोपच्या कोअर-गोदामात. फाटकांना काही झालं नाही. पुढे दोन वेळा ते जिन्यात भेटले तेव्हा पाठीवर हात न ठेवता बोलले. आईला त्याने सांगितलं, नवं ऑफिस लांब आहे. उत्तराने काही विचारलं नाही, फक्त त्याचा डबा तासभर आधी भरू लागली.

चारकोपला नव्याने बांधलेल्या औद्योगिक गाळ्यांच्या रांगेत कंपनीचा एक गाळा होता. पत्र्याचं छप्पर, एक शटर, आणि आत जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकडी पेट्या. प्रत्येक पेटीत समुद्राखालून काढलेले खडकाचे दंडगोल, म्हणजे कोअर, मनगटाएवढे, तुकड्यातुकड्यांनी लावलेले. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या आणि त्यांचा गरम, गोडसर वास दिवसभर यायचा. आजूबाजूला अजून अर्धी घरं विटांतच होती. कुणाला पेटी हवी असली की जयवंतने ती काढून द्यायची, नोंद करायची. पहिले काही दिवस त्याला बरं वाटलं, शिक्षा भोगून मोकळं झाल्यासारखं. मग ते बरं वाटणंही त्याला संशयास्पद वाटू लागलं. सांगितलं आपण. पण काय सांगितलं? ती 'वाक्य माझं नाही' म्हणाल्यावर सांगितलं. ती गप्प राहिली असती तर? खिशात पान होतं, हे खरं. पण पान खिशात घेऊन तो मंगळवारीही तिच्यासमोर उभा राहू शकला असता.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, क्षमा आली. खांद्याला झोळी, कपाळावर घाम. समितीने पुढच्या विहिरीची जागा सुचवायला तिला सांगितलं होतं, चढणीवर वरच्या अंगाला, आणि त्यासाठी तिला के-चारचा खडक बघायचा होता. जयवंतने शिडी लावून पेट्या उतरवल्या, एकेक करून शटरजवळच्या टेबलावर ठेवल्या. तिने वही उघडली. प्रत्येक पानाच्या तळाशी तिची छोटी सही होती, कोऱ्या पानांवरसुद्धा. ते त्याने बघितलं, आणि त्याने बघितलेलं तिने बघितलं.

"वडील कसे आहेत?" त्याने विचारलं.

"बरे आहेत." तिने खडकाचा तुकडा हातात घेतला, पांढुरका, बारीक भोकाभोकांचा. भिंग लावलं. शेजारचं यंत्र थांबलं आणि एकदम शांत झालं. भिंग न काढताच ती म्हणाली, "सर, एक विचारू?"

"विचारा."

"के-चारला तेल लागलं असतं तर? माझ्या सहीखाली तुमचं वाक्य बरोबर ठरलं असतं. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं असतं. मी वेड्यासारखी विचार करत बसले असते, माझी मोजणी कुठे चुकली. तेव्हा सांगितलं असतंत?"

त्याच्या तोंडाशी खूप काही आलं. तेव्हाची परिस्थिती, रिग, एक तारीख. बाबा. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. त्या स्वच्छ खडकाकडे बघत त्याने त्या दुसऱ्या दिवसाची कल्पना केली, पेढ्यांच्या, हारांच्या. त्यात तो स्वतःला बघू शकत होता, अगदी बारकाव्यांसकट. पेढा खाताना, हसताना. कपाटातल्या पानाचं काय करत होता, तेही त्याला दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला.

क्षमाने भिंग खाली ठेवलं. त्याच्याकडे नीट बघितलं, आल्यापासून पहिल्यांदाच. मग वहीत पाहून तिने दुसरा तुकडा उचलला आणि तो तिरका करून शटरकडे धरला.

"जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

तो बाजूला झाला.